कुड्याच्या सालीमागे पनवेलला

आम्हा सांगलीकरांच्या लेखी पनवेल म्हणजे मुंबईला जाताना गाडी थांबते ते ठिकाण. उतरायचं, चहा घ्यायचा, पाय मोकळे करायचे आणि पुन्हा चढायचं. तिथं बॅगा घेऊन उतरून आठवडाभर राहणारं आमच्या घरात मी सोडून कोणी नाही. गेले ते प्रवासाला नव्हे, कामाला गेले. काम नीट ठरलेलं होतं. परतले तेव्हा मात्र त्याची दोन टोकं जुळवता येत नव्हती. अजून येत नाहीत. म्हणून जे झालं ते क्रमानं सांगते.

मी एका औषधनिर्माण महाविद्यालयाची प्रयोगशाळा सांभाळते. जुलाबावर परंपरेनं दिल्या जाणाऱ्या वनस्पती आम्ही तपासतो: पेरूची पानं, कच्चं बेलफळ, नागरमोथा, कुड्याची साल. काढा करायचा, जुलाब घडवणारे जंतू काचेच्या बशीत वाढवायचे आणि काढा घातल्यावर ते मरतात का पाहायचं. कुडा यातला सर्वांत नावाजलेला. जुन्या ग्रंथांत त्याचं नावच जुलाबाशी जोडलेलं आहे. आमच्या बशीत मात्र कुड्यानं काही म्हणजे काही केलं नाही. जंतू मजेत वाढले. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

हे मी फोनवर शुभदाला सांगितलं. शुभदा माझी शाळेपासूनची मैत्रीण, नवीन पनवेलला बालरोगतज्ज्ञ आहे आणि दर आठवड्याला डोंगराखालच्या दोन वाड्यांवर मुलं तपासायला जाते. ती म्हणाली, "मंदा, इथे त्याच सालीनं पोरं उठून बसतात असं बाया सांगतात. तू येऊन बघ. आणि मला उत्तर हवंय. रविवारी दोन्ही वाड्यांतल्या बाया जमणारेत. साल द्या म्हणू की बंद करा म्हणू, एवढं सांग."

म्हणजे कामं दोन. तिथली साल तिथल्या पद्धतीनं गोळा करून आणायची आणि रविवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं.

सोमवार, नवीन पनवेल

शुभदाच्या दहाव्या मजल्यावरच्या गॅलरीतून विचुंबे दिसतं. निम्म्या भागात नव्या इमारती, निम्म्या भागात भातखाचरं. श्रावण संपत आला होता आणि ती खाचरं इतकी हिरवी होती की त्यांच्यामधल्या क्रेन तिथं चुकून राहिल्यासारख्या वाटत होत्या. पलीकडच्या महामार्गावर न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरांची रांग. ती हलत होती की उभी होती ते मला बराच वेळ कळलं नाही.

जेवायला वालाचं बिरडं होतं. आमच्याकडे वालाला फारसं कोणी विचारत नाही. इथे मोड काढून, एकेक दाणा सोलून, गूळ आणि नारळ घालून त्याचं थाटामाटात आगतस्वागत करतात. किंचित कडसर लागतं. मला आवडलं.

जेवताना शुभदानं पहिला गोंधळ माझ्या पानात वाढला. वाड्या दोन आहेत, वरची आणि खालची. मध्ये एक ओढा. लोक तेच, वीटभट्टीवर आणि बांधकामावर मजुरीला जाणारे. पाणी त्याच ओढ्याचं. खालच्या वाडीत तिनं गेल्या वर्षी साल बंद करवली. लहान मुलांना बिनमापाचं कडू औषध नको, ओआरएसची पाकिटं द्या, असं सांगितलं. त्यांनी ऐकलं. वरच्या वाडीत हिराआजी नावाची बाई साल देते आणि तिच्यापुढे शुभदाचं कोणी ऐकत नाही.

"मग सलाईन लावायची वेळ कुठल्या पोरांवर जास्त येते?" मी विचारलं.

शुभदा वालाचा दाणा बोटानं फिरवत राहिली. "खालच्या."

"उलट असायला हवं."

"तेच तर. मी मोजलेलं नाही, पण डोळ्यांना तसं दिसतं. म्हणून तुला बोलावलं."

मंगळवार, वरची वाडी

माथेरानच्या मागच्या अंगाला जाणारा रस्ता. पहिला भाग ट्रकांचा, हॉटेलांचा, टायरच्या दुकानांचा. मग एक वळण, गाढी नदीचं गढूळ पाणी आणि अचानक डोंगर अंगावर येतो. रस्ता संपतो तिथे वैशाली उभी होती. ही दोन्ही वाड्यांची आशाताई, घरोघरची आजारपणं बघणारी सरकारी आरोग्यसेविका. तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं आणि न विचारता स्वतःची जादा चप्पल काढून दिली. बूट पहिल्याच चिखलात गेले असते. माझ्या सामानाच्या यादीत वनस्पती दाबून वाळवायचे दोन प्रकारचे टिपकागद होते, चप्पल नव्हती.

हिराआजी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. बारीक, ताठ, पांढऱ्या केसांची. वैशालीनं माझी ओळख करून दिली. मी कामाला लागले.

"आजी, मला कुड्याची साल हवी. थोडीच."

"कुनाला लागलंय?"

"कोणाला नाही. तपासायला हवी."

"बऱ्या मानसाला साल कशाला, बाय?"

"मला नको. आमच्या लॅबला हवी."

"मंग तिला लागलंय?"

ओट्याखाली बसलेल्या बाया हसल्या. वैशालीसुद्धा हसली. मग तिनं मला समजावलं. इथे साल साठवून ठेवत नाहीत. कोणाला जुलाब लागले की त्याचं नाव घेऊन झाडाकडे जायचं, तेवढीच साल काढायची आणि ताजी द्यायची. आजारी माणसाचं नाव नसेल तर हिराआजी कोयतीला हात लावत नाही. जिल्ह्याचे साहेब आले होते, त्यांनाही दिली नव्हती.

मी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. साल कशी देता? सहाणेवर पाण्यात उगाळून, बोटानं चाटवायची. मधातून? नाही. ताकातून? नाही. दूध, साखर, मीठ?

"कायपन नाय. साल नि पानी. दुसरं काय नाय."

"किती दिवस?"

"बसंल तवर."

हे सगळं मी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. आजीनं मान हलवली. आमच्या काढ्यातही साल आणि पाणीच होतं. मग फरक कुठे?

बुधवार, पनवेल बाजार

वाडीत साल मिळेना म्हणून बाजारात कुठली मिळते ते बघायला गेले. काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात मेंदीनं दाढी रंगवलेले चाचा बसले होते. कुडासाल मागितली तर त्यांनी दोन डबे पुढे केले.

"यह सफेद कुडा, यह काला कुडा. कुठला देऊ मॅडम?"

"जुलाबावर कुठला चालतो?"

"दोन्ही चालतात, माशाल्लाह. नाही चालले तर डॉक्टर आहेतच की."

दोन्ही साली मी हातात घेऊन पाहिल्या. वाळल्यावर बहिणी-बहिणींसारख्या दिसतात. तेव्हा मनात आलं, ग्रंथांतला गुणकारी तो पांढरा; आमच्या लॅबमध्ये काळ्या कुड्याची साल तर आली नसेल? तसं असेल तर सगळा उलगडा होत होता. दोन्हीचे नमुने घेतले, आणि बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं.

दुपारी वाडीवर गेले. वैशालीच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी जेवले. आमची ज्वारीची भाकरी थापून थापून मोठी होते. इथे पिठाची आधी उकड काढतात, म्हणून भाकरी मऊ आणि पांढरीशुभ्र. मी दोन खाल्ल्या, वैशालीच्या सासूबाईंनी तिसरी न विचारता टाकली. माझे टिपकागद मात्र दमट हवेनं एका रात्रीत बुरशीनं भरले होते. त्यांच्यात वनस्पती ठेवण्याआधीच त्यांच्यावर वनस्पती उगवली.

जेवून ओट्यावर बसले आणि लक्षात आलं की मी कशाची तरी वाट पाहते आहे. साल हवी तर कोणीतरी आजारी पडायला हवं. समोर पोरं चिखलात उड्या मारत होती, ओढ्याचं पाणी ओंजळीनं पीत होती. मी मनातल्या मनात एकेकाला जोखत होते. स्वतःची लाज वाटली आणि उठून निघून आले.

गुरुवार, परीचं घर

सकाळी वैशालीचा फोन आला. वरच्या वाडीतल्या मनीषाच्या परीला पहाटेपासून जुलाब लागलेत. परी दोन वर्षांची. मी पोचले तेव्हा ती आईच्या मांडीवर मलूल पडून होती, ओठ सुकलेले. वैशालीनं ओआरएसचं पाणी तयार करून आणलं होतं. मनीषा चमचा तोंडाशी नेई, परी ओठ घट्ट मिटे. दोन-तीन चमचे गेले, उरलेलं झग्यावर.

वैशालीनं शुभदाला फोन लावला. शुभदाचं म्हणणं स्पष्ट होतं. रडताना डोळ्यांत पाणी येतंय का, लघवी होतेय का, हाक मारल्यावर बघते का, याकडे लक्ष ठेवा. दुपारपर्यंत सुधारणा नसेल तर थेट इकडे आणा. वैशालीनं शेजारच्या टेम्पोवाल्याला कामावर जाऊ दिलं नाही.

तोवर हिराआजी कोयती घेऊन निघालीच होती. मी मागे पळाले. वाडीमागच्या उतारावर झाड होतं. आजीनं हात जोडून परीचं नाव घेतलं आणि बोटभर साल काढली. कापल्या जागी पांढरा चीक आला. मी पान पाहिलं, शेंगांची जोडी पाहिली, चाचांकडचे नमुने आणि आमची साल ज्या झाडाची, त्याचे लॅबनं रात्री पाठवलेले फोटो काढून ताडून पाहिले. पांढरा कुडा. आमच्या लॅबमध्ये आहे तोच, शंकेला जागाच नाही. कालचा उलगडा तिथेच उतारावर संपला.

घरी येऊन आजीनं सहाणेवर साल उगाळली. करंगळीनं ती परीच्या जिभेवर लावली. इतका वेळ मलूल असलेली पोर किंचाळली. थू थू करत, हातपाय झाडत तिनं घर डोक्यावर घेतलं. आजी शांतपणे चुलीकडे गेली, पातेल्यातून वाटीभर पेज ओतली, त्यात मीठ टाकून फुंकर घातली आणि वाटी परीच्या तोंडाला लावली. परीनं दोन्ही हातांनी वाटी धरली आणि ती गटागटा संपवली.

पुन्हा जुलाब झाला. पुन्हा साल, पुन्हा किंचाळी, पुन्हा वाटीभर पेज. असं दुपारपर्यंत चाललं. टेम्पो दाराशी उभाच होता. नंतर परीनं मनीषाचं लुगडं भिजवलं, तेव्हा वैशाली खाली वाकून म्हणाली, "लघवी झाली, मॅडम," आणि भिंतीला टेकून बसली. संध्याकाळी परी उठून बसली होती. जुलाबही कमी झाले होते. सालीमुळे कमी झाले की त्यांचे ते कमी झाले, हे सांगायला माझ्यापाशी दुसरी परी नव्हती.

मी आजीजवळ बसले. "आजी, तुम्ही तर म्हणालात सालीबरोबर काही देत नाही."

"काय दिलं?"

"पेज दिलीत की. मीठ घालून. दर वेळी."

"ती तोंड कडू व्हतं म्हनून. पेज काय औषध हाय?"

"कदाचित पेजेनंच बरं वाटलं असेल तिला."

आजीनं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "पेजेनं जुलाब थांबले असते, बाय, तर आमाला कदी लागलेच नसते. आमी रोज पेजच पितो."

जुलाब थांबणं आणि अंगातलं पाणी टिकणं या दोन गोष्टी आहेत, हे मला माहीत होतं. पण ते तिला पटेल असं कसं सांगायचं ते सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही प्रश्न पडला होता. पेज सकाळपासून चुलीवर होती. ओआरएसचं पाणीही समोर होतं. परीनं दोन्हींतलं धड काही प्यायलं नव्हतं. ती प्यायला लागली ती साल चाटल्यावर. मग औषध कुठलं?

शुक्रवार, खालची वाडी

एक गोष्ट पडताळायची होती. ओढा ओलांडून खाली गेले. कमल नावाची तरुण बाई दारात भांडी घासत होती. मागच्याच महिन्यात तिच्या मुलाला सलाईन लावावं लागलं होतं. मी विचारलं, जुलाब लागले तेव्हा काय दिलंत?

"पाकिटाचं पानी. डाक्टरीणबाईंनी सांगितलंय तसं."

"प्यायला?"

"दोन चमचे. नाय पीत तो, तोंडच उघडत नाय."

"साल?"

"बंद केली आमी. एकानंपन नाय दिली."

"आणि पेज?"

कमलनं हातातली राख झटकली. "पेज कशाला? ती सालीवरची. साल नाय तर पेज कशाला द्यायची?"

बाजूच्या घरात विचारलं. त्याच्या पलीकडच्या घरातही. सगळीकडे हेच. सालीवरची पेज सालीबरोबर गेली होती.

संध्याकाळी हे शुभदाला सांगितलं. ती कपातला चहा ढवळत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती.

"म्हणजे मी साल काढली आणि त्यांच्या पोटातलं पाणीपण काढलं."

तिला धीर द्यावा असं वाटलं, पण तो खोटा झाला असता.

"मग रविवारी काय सांगायचं?" ती म्हणाली. "साल द्या म्हणू? तूच म्हणतेस तुझ्या बशीत काही होत नाही."

"बशीतल्या जंतूंचं तोंड कडू होत नाही."

"मग फक्त पेज द्या म्हणू?"

"हिराआजी हसेल. आणि पोरं पिणार नाहीत."

"म्हणजे हो की नाही?"

एका कागदावर मी दोन रकाने आखले, सालीच्या बाजूचं आणि सालीच्या विरुद्धचं. पहिलाच मुद्दा दोन्हीकडे बसला, दुसराही. शनिवार त्यातच गेला. शुभदाच्या नवऱ्यानं उरणहून ताजी मासळी आणली होती. ती तळून खाल्ली, चव आठवत नाही.

रविवार, दोन्ही वाड्या

बाया मारुतीच्या देवळापुढच्या पत्र्याखाली जमल्या. वरच्या वाडीच्या एका बाजूला, खालच्या दुसऱ्या बाजूला. मनीषाच्या कडेवर परी होती आणि शेजारणीच्या बांगड्या ओढत होती. शुभदा उभी राहिली. तिला मी इतक्या वर्षांत एवढं सावकाश बोलताना ऐकलं नव्हतं.

"मागल्या वर्षी मी खालच्या वाडीला साल बंद करा म्हणाले. पेज बंद करा म्हणाले नव्हते, पण तसं झालं. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. ती चूक माझी."

खालच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कमलनं मान खाली घातली.

"साल चांगली की वाईट ते मला माहीत नाही. ह्या मॅडम तेवढ्यासाठी सांगलीहून आल्या, त्यांनाही अजून कळलेलं नाही." मी मान हलवली. खोटं काही नव्हतं. "पण एक नक्की माहीत आहे. प्रत्येक जुलाबानंतर पोराच्या पोटात पाणी गेलं पाहिजे. पाकिटाचं सगळ्यांत चांगलं. पाकीट नसेल तर मिठाची पेज. वैशाली झिंकच्या गोळ्या देईल त्या पुऱ्या द्यायच्या. अंगावरच्या बाळाला आईचं दूध चालू ठेवायचं आणि साल अजिबात नाही. डोळे खोल गेले, पोर मान टाकायला लागलं, जुलाबात रक्त दिसलं, तर साल नाही, पेज नाही, गाडी करून दवाखान्यात."

"आनि मोठ्या पोराला साल?" हिराआजीनं बसल्या जागेवरून विचारलं. सगळ्या बाया तिच्याकडे वळल्या. सभा कोणाची होती ते तेव्हा कळलं.

शुभदानं श्वास घेतला. "तुम्ही चाटवता तेवढी चाटवलीत तर मी आडवी येणार नाही, आजी. पण वर पाकिटाचं पाणी पाजायचं. दर वेळी."

आजीनं विचार केला. "तुज्या पान्यानं कडू जातं का?"

शुभदानं माझ्याकडे पाहिलं. मी वैशालीकडे पाहिलं. हे कोणी तपासलेलंच नव्हतं.

"मंग बगू," म्हणून आजी उठली. परीच्या नावाची साल अजून थोडी उरली होती. सहाण आणवली, साल उगाळली आणि आजीनं स्वतःच्या जिभेवर लावली. तिचे डोळे बारीक झाले. वैशालीनं जगमधलं ओआरएसचं पाणी पेल्यात ओतून दिलं. आजीनं ते हळूहळू प्यायलं, जीभ टाळ्याला लावून पाहिली, पुन्हा एक घोट घेतला.

"पेजेवानी नाय," ती म्हणाली. "पन जातं. चालंल."

मग जे झालं ते कोणी ठरवलेलं नव्हतं. कमल उठून आली आणि तिनं सहाणेवर बोट फिरवलं. तिच्या मागून मनीषा. मग दोन्हीकडच्या बाया सरकत सरकत पुढे आल्या. कोणी तोंड वाकडं करत होती, कोणी दुसरीच्या तोंडाला हसत होती, आणि चाटलेली प्रत्येकजणी हात पुढे करून पेला मागत होती. जग रिकामा झाला. वैशालीनं नवं पाकीट फोडलं, मग आणखी एक.

"तू नाय घेत, बाय?" हिराआजीनं सहाण माझ्यापुढे धरली.

इतके महिने ही साल मी वाळवली होती, कुटली होती, उकळली होती, गाळली होती. तोंडात कधी घातली नव्हती. बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. त्या कडूपणाला उपमा माझ्याकडे नाही. कानापर्यंत गेला. वैशालीच्या हातातला पेला मी जवळजवळ ओढूनच घेतला, संपवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

शुभदा बाजूला उभी राहून पाहत होती. "मग मंदा," तिनं विचारलं, "अहवालात काय लिहिणार? साल गुणकारी की नाही?"

माझं तोंड पाण्यानं भरलेलं होतं, म्हणून बोलता आलं नाही. नसतं तरी काय सांगितलं असतं ते मला ठाऊक नाही. मी नुसता पेला उंच करून तिसऱ्यांदा पुढे धरला.